पाचवं बोट

विजयश्रीबाई पुनावळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांच्या लेखी चित्र म्हणजे पाहुण्यांपुढे मांडायची वस्तू. म्हणून प्रदर्शनाआधी मुलांची चित्रं त्या स्वतःच 'नीट' करतात. यंदा दिव्याने वडिलांचा हात काढला होता, चारच बोटांचा. "एवढंही मोजता येत नाही कार्टीला!" म्हणत बाईंनी पाचवं बोट रंगवून टाकलं.

प्रदर्शनाला दिव्याचे वडील आले. चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनखाली त्यांचं एक बोट गेलं होतं. चित्र बघून ते कसनुसं हसले, "भारी काढलंय," म्हणाले आणि तो हात त्यांनी हळूच खिशात घातला.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात दिव्याने विचारलं, "बाई, हा कुणाचा हात आहे?"