मेस्त्रींना वाचून दाखवलेली गाडी

आमच्या मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये गाडीच्या मालकाला बाकावर बसून चहा पिण्याची मुभा नव्हती. ते त्याला पुन्हा ड्रायव्हरच्या सीटवर बसवत आणि बॉनेटपाशी उभे राहून विचारत, "समोर काय काय दिसतंय त्ये सांगा." कोणता काटा कुठे, कोणता दिवा लागलाय, सगळं सांगायचं. पनवेलच्या लोकांना वाटे, मेस्त्री मालकांना शिकवतात. मी शिक्षिका, त्यामुळे मला तर या पद्धतीचं फारच कौतुक.

खरं कारण कळलं ते त्यांनी एकदा मला, साडी नेसलेल्या बाईला, "या शेठ" म्हटलं तेव्हा. साखरेच्या आजाराने त्यांची नजर जात चालली होती. बारीक काहीच दिसत नव्हतं. "कोनाला बोलू नका, ताई. आंधळ्या मेस्त्रीकडं कोन गाडी आनील?" मी शब्द दिला.

मामांनी मला दिलेली परदेशी गाडी तेव्हा वीस वर्षांची होती. कर्नाळ्याहून येताना तिच्यात एक पिवळा दिवा लागला. शेजारच्या गॅरेजवाल्याने तोडगा सुचवला, बल्बच काढून टाका. मेस्त्री भडकले. "कुत्रा भुंकतो म्हनून त्याचं तोंड बांधनार? चोर आलाय का त्ये बगाल का नाय?"

डिकीत गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते वाचायचं काम माझं. धुराच्या पाइपात एक सेन्सर असतो, हा दिवा लागला की तो बदलावा, असं त्यात होतं.

"पुढं?"

"पुढे काही नाही," मी म्हणाले. पुढे दोन पानं होती. मला शाळेची घाई होती.

मुंबईहून नवा सेन्सर आला. पाइप थंड झाला की गंजलेले आटे हलत नाहीत, म्हणून मेस्त्री इंजिन तापवून गाडीखाली शिरले. बोटांनी चाचपत जुना सेन्सर सोडवला, मनगट भाजून घेतलं, नवा बसवला. "गेला का?" गेला नव्हता. दोन दिवसांत त्यांनी तो तीनदा काढून बसवला, वायर न् वायर तपासली. दिवा आपला लागलेलाच. शेजारचा हसत डोकावला, "मेस्त्री, दिसत नाय काय तुमाला?" तो गमतीनेच बोलला, पण मेस्त्रींचा चेहरा खर्रकन उतरला.

"ताई, गाडी दुसरीकडं न्या," ते हळूच म्हणाले. "माझ्याच्यानं झेपत नाय आता. गॅरेजच बंद करतो."

घरी जाऊन मी ते पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. तो दिवा सेन्सरला जोडलेलाच नव्हता! ठरावीक किलोमीटर झाले की सेन्सर बदलायची आठवण म्हणून तो आपोआप लागायचा. मीटरमागच्या बारीक भोकातलं बटण दाबून तो हातानेच विझवायचा होता.

सकाळी जाऊन सगळं कबूल केलं. मेस्त्री रागावले नाहीत, आधी त्यांना नवलच वाटलं. "म्हंजे ह्यो दिवा नाय, क्यालेंडर हाय!" बोटं मीटरमागे गेली, क्षणात भोक सापडलं. माझ्या केसांतला आकडा त्यांनी आत दाबला. दिवा गेला. खात्रीसाठी त्यांनी माझ्याकडून गाडी तीनदा चालू-बंद करवली.

मग मनगटावरची पट्टी सारखी करत म्हणाले, "ताई, माझ्या डोळ्यांनी मला असं फशिवलं नाय हो कधी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी गॅरेज चालवलं. मग स्वतःच एकेका गिऱ्हाइकाला खरं कारण सांगून ते जासईला मुलाकडे राहायला गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी उशाखालून दवाखान्याची फाइल काढली. घरात शिकलेला मुलगा होता, सून होती. तरी ती फाइल माझ्यासाठी ठेवलेली.

"तुमी वाचा. ही पोरं मला वाईट वाटंल म्हनून मधलं गाळतात."

मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. एके ठिकाणी अडखळले आणि त्याच शब्दापासून पुन्हा सुरुवात केली. दोन्ही डोळ्यांची नजर आता परत येणार नाही, असं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. तेही वाचलं.