पेपरच्या सकाळचं इन्स्टॉलेशन

बसऱ्याच्या विद्यापीठात मुहन्नदला सगळे अबू रुवैदा म्हणत, म्हणजे रुवैदाचा बाप. लेक एकुलती. तिच्या खालोखाल जीव तळघरातल्या जुन्या कॉम्प्युटरांवर. ते एकमेकांना जोडून तो त्यांच्याकडून एकच अगडबंब गणित वाटून सोडवून घ्यायचा: समुद्राचं मीठ नदीत किती वर चढणार. नळाला खारं पाणी येणाऱ्या शहरात याहून मोलाचं गणित कुठलं, सांगा! पण बगदादच्या साहेबांना कोण सांगणार? त्यांची कमिटी येणार होती. तिच्यासमोर गणित चाललं तर ठीक, नाहीतर मशिनं उचलून राजधानीला.

हे गणित ज्या लायब्ररीवर, म्हणजे तयार प्रोग्रॅमांच्या संचावर, चालायचं ती जुनी झाली होती, कधीकधी मध्येच दगा द्यायची. कमिटीसमोर फजिती नको म्हणून मुहन्नदने नवीचा सोर्स कोड, म्हणजे कंपाईल करून मग चालणारा कच्चा प्रोग्रॅम, उतरवून घेतला. जुनी नि नवी एकत्र राहिल्या की घोळ होतो, म्हणून आदल्या संध्याकाळी जुनी मुळासकट पुसली. नवीला लागणाऱ्या बारीकसारीक लायब्रऱ्या मशीन आपणहून नेटवरून आणतं, त्यामुळे तो निर्धास्त होता.

सकाळी रुवैदाला बारावीच्या पेपराला सोडून तो तळघरात आला, कंपाईल सुरू केलं. पहिलीच लायब्ररी उतरेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्याने केबल हलवली, राउटरला शिव्या घातल्या.

मिठाचं गणित मांडणारी डॉक्टर हैफा चहाचा पेला घेऊन आली. "काय हो अबू रुवैदा, तोंड का उतरलंय?"

"नेट मेलंय!"

"मरेल नाहीतर काय! पेपर फुटू नये म्हणून देशभर बंद करतात ना? पोरीला सोडून आलात नि मलाच सांगताय?"

मुहन्नदने कपाळावर हात मारून घेतला. दरवर्षीचं हे त्याला पाठ होतं. यंदा पोरीच्या काळजीत तो नुसता बाप उरला होता.

"मग जुनीच लावा."

"पुसली."

"पुसली? अहो, काय केलंत हे!" हैफा मटकन खाली बसली.

नेट आलं तेव्हा कमिटी जिना उतरत होती. मुहन्नदने घाईघाईने कंपाईल सुरू केलं.

"किती वेळ?" प्रमुखाने विचारलं.

"दोनेक तास, साहेब."

"उस्ताद, आम्हाला विमान गाठायचंय. इथे तर काहीच चालत नाही."

काल चालत होतं, असं ओरडावंसं त्याला वाटलं. पण ते त्यानेच पुसलं होतं. शिपाई प्रत्येक मशीनवर बगदादची चिठ्ठी चिकटवून गेला. मुहन्नदला रडूही येईना.

दुपारी रुवैदा धावतच आली. "बाबा, पेपर झक्कास गेला! मी ठरवलंय, हेच शिकणार. तुमच्याच शेजारी बसून काम करणार. यातलं माझं मशीन कुठलं?"

पडद्यावर शेवटची ओळ आली: इन्स्टॉलेशन पूर्ण. मुहन्नदने बटण दाबून मशीन बंद केलं.

"चल," तो म्हणाला, "आई जेवायची थांबली असेल."