सिनेमातला संपादक आणि आमचे तात्या

जळगावच्या टॉकीजमध्ये जावयाने मला तो सिनेमा दाखवला. “आबा, बठ्ठा तुमचा छापखानाच आहे, सगळाच्या सगळा. पेपरांनी डोक्यावर घेतलाय.” धुळ्यात बावीस वर्षं मी पेपरच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. शाळा दुसरीपर्यंत, पण उलटी अक्षरं मला सुलटीपेक्षा लवकर वाचता येतात.

सिनेमात गावचे शेठ संपादकाला दम देतात. तो म्हणतो, बातमी छापणारच. टाळ्या पडल्या. जावयानेही वाजवल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

आमच्या संपादकांना आम्ही तात्या म्हणायचो. एकदा जत्रेच्या तोंडावर, जत्रा भरते त्याच नदीकाठच्या गावात पटकी लागल्याची बातमी आली. मीच जुळवली. दुपारी जत्रेचे पंच येऊन चहा पिऊन गेले. तात्या म्हणाले, “भाऊ, तेवढा मजकूर मोड.”

“खोटी आहे का तात्या?”

“अफवा शे रे. मी चौकशी केली.”

मोडला. एकेक खिळा परत त्याच्या खणात टाकला. त्या जागी मिठाईवाल्याची जाहिरात बसली.

घरी बायको लुगडं नेसून तयार. “बठ्ठ्या जाई राहिन्यात जत्राले. तिकडे दुखणं शे म्हनतस. तुमना पेपर काय म्हनस?”

“पेपरात काही नाही,” मी म्हणालो.

“मंग झालं!” हसत गेली. तिला वाचता येत नव्हतं. घरात पेपर म्हणजे मीच. आणि मी असा बावळट, की स्वतःच्या बोटांनी जुळवलेलं खोटं मानलं आणि छापलेलं खरं.

तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून आणली. संध्याकाळपर्यंत गेली. जत्रा उठल्यावर तात्यांनी तीच बातमी छापली. तीही मीच जुळवली.

आता या सिनेमाचं कौतुक त्याच तात्यांनी लिहिलंय. संपादक असावा तर असा, म्हणे.

यंत्राची धडधड बरोबर दाखवलीय, नट चांगला आहे, ते मी नाकारत नाही. पण त्यात पेपर आपोआप निघतो. मजकूर मोडायला सांगणारा नाही, मोडणाराही नाही. मग कौतुक कशाचं?

बाहेर जावयाने विचारलं, “आबा, खरं वाटलं ना?”

मी म्हणालो, “तुझ्या सासूला विचारायला पाहिजे होतं.”