अर्धा नवरा

आलापल्लीच्या बाजारामागे सागवानी फर्निचर करणाऱ्या दोन भावांचं घर. मधे आंगण, एका बाजूला थोरला फैज, दुसऱ्या बाजूला धाकटा अनस. दोघंही सौदीत दम्मामला सुतारकामाला गेले, तिथं एकाच खोलीत राहू लागले, आणि इकडे उरल्या दोन जावा. थोरली नजमा, धाकटी निशात.

निशात शिवणकाम करायची. तिच्या हातचा ब्लाउज परत आला असं कधी झालं नाही. पण २००९ साली घरात इंटरनेट आलं आणि तिची झोप उडाली. मॉडेम बसला नजमाच्या खोलीत. तिथून एक वायर आंगण ओलांडून निशातच्या कम्प्युटरला आणली. शुक्रवारी दम्मामला सुट्टी. दुपारची नमाज आटोपून दोघे भाऊ कॅमेऱ्यापुढे बसत. आधी नजमाशी दोघंही बोलत, मग अनस निशातला कॉल लावी.

नजमाच्या पडद्यावर फैजच्या दाढीतला पांढरा केससुद्धा दिसे. निशातच्या पडद्यावर अनस अर्ध्या तोंडानं थिजून बसे आणि “नि… नि…” करून आवाज बंद पडे. त्याआधी मात्र हाच अनस भावजयीशी खदखदून हसलेला तिनं आंगणातून ऐकलेला असे.

‘माहा नवरा तिले पुरा दिसते, अन् मले अर्धा!’ तिचा जीव जळे. नजमाच काहीतरी करते, याबद्दल तिला शंका उरली नाही.

एका शुक्रवारी सकाळी नजमा बाजारात गेलेली पाहून ती तिच्या खोलीत शिरली. मॉडेमच्या मागे चार भोकं. तिनं नजमाची वायर आपल्या भोकात घातली आणि आपली नजमाच्या. ‘घे, आता तू पाह्य अर्धा.’

दुपारी नजमाकडे तसंच हसणं. इकडे अनस तसाच थिजलेला. म्हणजे भोकात दोष नव्हता. पण त्यानं निशातची आग विझली नाही. उलट नजमाची दुसरीच काही करामत असणार, असं तिला वाटू लागलं.

शेवटी तिनं कम्प्युटरच्या दुकानातून रोशनला बोलावलं. त्यानं तिचा कम्प्युटर उचलून नजमाच्या खोलीत नेला, आखूड वायरनं मॉडेमला जोडला. सगळं झरझर चालू लागलं.

“कम्प्युटर चांगला आहे, बाई. आता तुमची वायर दुसऱ्या भोकात लावून पाहू.”

“ते पाह्यलं मी,” निशात बोलून गेली.

नजमा चहा घेऊन दारातच उभी होती. “कधी पाह्यलं?”

निशात मॉडेमकडे पाहू लागली. नजमानं कप खाली ठेवले. “मले विचारलं असतं, त मी नाई म्हटलं असतं काय?”

रोशन वायरीच्या मागं मागं आंगणात गेला. निशातच्या खिडकीशी कूलर होता. त्याच्या मागं वायरीला जोड होता. आणताना ती कमी पडली म्हणून दोन तुकडे पिळून काळी टेप गुंडाळली होती. कूलरचं पाणी त्यावर टपटपत होतं. टेप सोडली, तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. रोशननं जुनी वायर काढली आणि बिनजोडाची नवी टाकली.

पुढच्या शुक्रवारी अनस पुरा दिसला. गाल बसले होते. त्यानं गॅसचं विचारलं, छपराचं विचारलं. निशातला राहवलं नाही.

“भाभीसोबत त लय हसता. माह्यासोबत काऊन नाई?”

“अवो, इथी तू नुसती काळी चौकट दिसत होती. चौकटीले पाहून हासू काय? तुयी खबर मी भाभीलेच विचारत होतो. ते म्हणे, निशात लय मशीन चालवते, डोळे खराब करून घेईन.”

निशातला शरम वाटली. आणि त्या शरमेतही एक नवा काटा रुतला: आपल्या नवऱ्याला आपली खबर इतके महिने दुसरीच बाई देत होती.

संध्याकाळी ती शिऱ्याची ताटली घेऊन नजमाकडे गेली. “चुकलं माहं, भाभी.”

नजमानं शिरा खाल्ला. “साखर कमी आहे,” म्हणाली, पण ताटली रिकामी केली.

निशातची नजर मॉडेमच्या हिरव्या दिव्यांवर गेली. “हा डब्बा थोडे दिवस माह्या खोलीत ठेवू काय?”

“नाई,” नजमा म्हणाली.

निशातला राग आला नाही. डब्बा तिच्या स्वतःच्या खोलीत असता, तर तिनंही दिला नसता.