गुरुवारचं पाणी

ओढा कोरडा होता. दगडांच्या बुडाशी ओल होती, डबक्यात दोन-चार खेकडे होते, पण माझ्या व्ही-नॉचवरून थेंबही पडत नव्हता. आदल्याच गुरुवारी इथे मनगटाएवढी धार मी स्वतः मोजली होती. ओढे आटतात, पण हळूहळू. एका आठवड्यात असे गायब होत नाहीत.

व्ही-नॉच म्हणजे ओढ्यात आडवी बसवलेली लोखंडी पट्टी. तिला मधोमध व्ही आकाराची खाच असते. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतं ते मोजायचं, की सेकंदाला किती लिटर पाणी येतं ते कळतं. मी हायड्रॉलॉजीचा माणूस. पुण्याच्या एका कन्सल्टन्सीत नोकरीला होतो आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीखालचा ओढा मोजत होतो.

दोन हजार सालानंतरचा तो भारनियमनाचा काळ. पोलादपुरात संध्याकाळी वीज गेली की मेणबत्तीवर जेवायचं आणि झोपायचं. त्याच सुमारास राज्यात नवा नियम आला. वीज विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या विजेतला ठरावीक हिस्सा वारा, पाणी, उसाचं चिपाड असल्या गोष्टींपासून तयार झालेला घेतलाच पाहिजे. मला हा नियम तेव्हाही पटला होता, आजही पटतो. कोळसा विदर्भातून रेल्वेने आणा, जाळा, धूर आणि राख कुणाच्या तरी गावावर सोडा. हा खर्च विजेच्या बिलात कुठे दिसत नाही. ओढ्याच्या विजेला इंधन फुकट असतं. पण प्लँट उभारायला सुरुवातीलाच मोठी रक्कम लागते आणि गिऱ्हाईक नक्की नसेल तर बँक दारात उभं करत नाही. नियमाने ते गिऱ्हाईक दिलं. लगेच आमच्या क्लायंटसारखे, प्लँट टाकू बघणारे लोक ओढे शोधत कोकणात उतरले.

धरण बांधायचं नव्हतं. ओढ्याचं पाणी पाइपातून खाली आणायचं, टर्बाइन फिरवायचं आणि पुन्हा ओढ्यात सोडून द्यायचं, एवढंच. ग्रामसभेत आमच्या कन्सल्टन्सीच्या कुलकर्णी साहेबांनी क्लायंटतर्फे सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "प्लँट वर्षातले नऊ-दहा महिने चालला तर ऑपरेटर वाडीतलेच घेऊ, कायमचे."

ते वाक्य धोंडूबाबांनी धरून ठेवलं. बाबा सत्तरीचे. बायको गेलेली, मुलगा सुरेश मुंबईला एका हॉटेलात भट्टीवर. वाडीत अशीच सगळी म्हातारी माणसं उरली होती. घरं बरीच, पण संध्याकाळी चुली मोजक्याच पेटायच्या. सुरेशने आयटीआय केलेलं होतं. बाबा मला दर खेपेला विचारायचे, "सायब, आयटीआयवाला चालंल नं मशिनीवर?" चालेल म्हटलं की चहात आणखी साखर पडायची.

मी गुरुवारी जायचो. सकाळची एसटी, मग चढण, रीडिंग, बाबांच्या ओटीवर भाकरी आणि संध्याकाळी परत. बाकीचे दिवस पोलादपूरच्या भाड्याच्या खोलीत तक्ते भरायचे. माझी बायको नोकरीपायी मुलीला घेऊन नाशकात. हायवेवरून रात्रंदिवस ट्रक जायचे, पण बोलायला कुणी नसायचं. खानावळवाला तेवढा "भात वाढू?" विचारायचा. त्या आठवड्यात खोली अगदी खायला उठली. मुलीचा वाढदिवस होता आणि फोन लागत नव्हता. खोटं कशाला बोलू, मला माणसांत बसायचं होतं. म्हणून बुधवारीच एसटीत बसलो.

आणि ओढा कोरडा.

पट्टी बसवताना काही चुकलं का, बाजूने पाणी झिरपतंय का, सगळं तपासलं. काही नव्हतं. मग ओढ्याच्या पात्रातूनच वर चढत गेलो. दोन वळणं ओलांडली आणि समोर कमरेएवढं तुडुंब पाणी. दगड, फांद्या, चिखल आणि खताच्या रिकाम्या गोण्या रचून ओढा अडवला होता. असा कच्चा बांध तिकडे भातकापणीनंतर दरवर्षी घालतात, पाणी पाटाने मळ्याला नेण्यासाठी. पण पाटाचं तोंडही मातीने लिंपलेलं होतं. पलीकडच्या वाफ्यांत मिरच्या-वांगी माना टाकून उभी होती.

धोंडूबाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून भेगेत चिखल भरत होते. मला बघून दचकले.

"आज बुदवार हाय नं?"

"हो. बाबा, हे काय?"

"उंद्याचं पानी," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी तिथेच दगडावर बसलो. आठवडाभर पाणी साठवायचं आणि गुरुवारी माझी एसटी यायच्या आधी बांध फोडायचा. दिवाळीनंतर पाणी कमी व्हायला लागलं तेव्हापासून हे चाललं होतं. अख्खी वाडी त्यात होती. ज्यांच्याने दगड उचलवत नव्हते, ते फांद्या आणून देत होते. आणि आम्ही पुण्यात खूश होतो, की जानेवारी उजाडला तरी धारेचा आकडा उतरत नाही!

"बाबा, हे खोटं झालं."

"खोटं कसं? पानी आमच्याच वहाळाचं हाय. बाहेरून नाय आनलं." मग म्हणाले, "पावना यायचा तर घरात दूध राखून ठेवतो का नाय आपन? तसं ठेवलं."

"पण तुमची वांगी मेली की."

"वांगी पुढल्या वर्साला व्हतील. मशीन पावसापुरतं फिरलं तर सुऱ्या मुंबई सोडून यील का, सांगा तुमी."

येणार नव्हताच. मला राग आला होता, पण कुणावर काढायचा ते कळेना. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण हे डोंगर पाणी धरून ठेवत नाहीत. बाबांना हे माझ्याआधी ठाऊक होतं. मी चप्पल काढली, पाण्यात उतरलो आणि पाटाचं तोंड उघडलं. बाबांनी अडवलं नाही. पाणी वाफ्यांकडे धावलं. ते दोन्ही हात लोंबकळते ठेवून नुसते बघत राहिले.

संध्याकाळी पोलादपुरातून कुलकर्णी साहेबांना फोन लावला.

"सर, पाऊस सरल्यानंतरची सगळी रीडिंग्ज बाद करा."

"काय बोलतोयस? त्या आकड्यांवर बँक तयार झालीय."

मी सगळं सांगितलं.

"नुसत्या पावसाळ्यातल्या विजेवर प्लँटचा खर्च निघत नाही," ते म्हणाले. "क्लायंट निघून जाईल."

"जाईल सर. पण उद्या टर्बाइन बसवलं आणि ते उभंच राहिलं, तर लोक म्हणतील पाण्याची वीजच फसवी."

"आणि वाडीवाले?"

"त्यांना मी जाऊन सांगतो." साहेबांनी सुस्कारा सोडला. म्हणाले, "लिही खरं काय ते."

क्लायंट गेला. घाटावर एका जुन्या धरणाच्या पायथ्याशी त्याने प्लँट टाकला. तिथे बारमाही पाणी सुटतं. तो प्लँट अजून चालतो आणि त्याची वीज नियमाप्रमाणे विकली जाते. नियमात खोट नव्हती. खोट ओढ्यातही नव्हती, तो जसा होता तसाच वाहत होता.

पट्टी काढायला मी शेवटचा वर गेलो. बाबांनी चहा केला. प्लँट होणार नाही हे मी सांगितलं, कारणंही सांगितली. ते उठून माझ्याबरोबर ओढ्यावर आले. पट्टी उपटायला उलट मदतच केली. निघताना वाटेपर्यंत आले.

"मंग आता बेस्तरवारी येनं नाय?"

"नाही बाबा. मोजायचं काही उरलं नाही."

"तसं नाय," ते म्हणाले. "पानी असंच बघाया यायचं. नाय मोजायचं."

येतो म्हटलं. पुढच्याच आठवड्यात मला कंपनीने साताऱ्याला पाठवलं. गेलो नाही.

आता माझ्या हाताखालचे इंजिनिअर ओढे मोजायला जातात. त्यांना मी एक गोष्ट बजावून सांगतो, की ठरावीक वारी जायचं नाही. का, म्हणून ते विचारतात. रीडिंग चुकतं, असं मी सांगतो. तिथे कुणीतरी आपली वाट बघायला लागतं, हे नाही सांगत.