धाकटीच्या रक्ताचा रिपोर्ट

मोठी मुलगी नर्सिंग शिकायला नागपूरला गेली आणि तिथे वाळतच चालली. आमच्या नागभीडकडे सगळा धानाचा मुलूख, घरी दोन्ही वेळ भात. पोळ्या व्हायच्या त्या पाहुणे आले की. होस्टेलात मात्र सकाळ-संध्याकाळ पोळ्याच. तिचं पोट सारखं बिघडायचं, रक्त कमी झालं, केस मूठमूठ गळायला लागले. दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला तेव्हा सिलिअॅक आजार निघाला. गव्हातलं ग्लुटेन तिच्या आतड्याला सोसत नव्हतं. गहू बंद केल्यावर ती हळूहळू सावरली.

तिच्याच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो. घरच्या सगळ्यांची तपासणी करून घ्या." नवऱ्याच्या आणि माझ्या तपासणीत काही निघालं नाही. उरली धाकटी. सातवीतली, वर्गात सगळ्यांत बुटकी. इतके दिवस ती बुटकी म्हणजे आजीवर गेलेली, एवढंच आम्ही समजत होतो. आता वाटायला लागलं, हिची वाढही त्याच आजाराने खुंटली नसेल ना?

तिची आजाराची तपासणीही स्वच्छ आली. मी सुटकेचा निःश्वास सोडणार, तोच बाई म्हणाल्या, "आज नाही, म्हणजे पुढेही होणार नाही असं नसतं. जनुकांची तपासणी करू. ती जनुकं नसतील, तर ही काळजी जवळजवळ संपलीच समजा. असतील, तर आजार होईलच असं नाही, पण लक्ष ठेवावं लागेल."

रक्त देऊन घरी आलो. सासूबाई दारातच बसल्या होत्या.

"सिकलचं रक्त काहाडलं का, बाई?" त्यांनी विचारलं. आमच्या भागात रक्त तपासलं म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठीच, दुसरं कोणाच्या मनात येत नाही.

"नाई जी. मोठीले झालं ते इले होऊ शकते का, त्याचं."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "कोनाले सांगू नोको. उद्या पोरीचं लगन करा लागते."

रिपोर्ट लवकर येईना. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायची. धाकटी जेवायला बसली की मी तिचं ताट पाहत राहायची. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून आता तिच्या डब्यात रोज पोळी द्यायला लागले होते. त्यातच तिच्या मैत्रिणीची आई बाजारात भेटली. म्हणाली, तुमची पोरगी डब्यातली पोळी रोज माझ्या पोरीला देते.

घरी येऊन मी तिला जवळ घेतलं. "काऊन देतेस वं?"

"दीदीसारखे माहे बी केस जाईन ना," ती म्हणाली. रडली नाही. खाली पाहत पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत राहिली.

बाईंनी बजावलं होतं, उगाच गहू सोडायचा नाही. सोडला तर पुढच्या तपासणीत आजार दिसणारच नाही. म्हणजे ज्याची मला भीती, तेच मी तिला भरवायचं होतं.

अखेर आम्हाला बोलावलं. बाईंनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. "जनुकं आहेत," त्या म्हणाल्या. "पण घाबरू नका. कितीतरी लोकांत असतात आणि त्यांना जन्मभर काही होत नाही. वर्षातून एकदा रक्त तपासू. मध्ये पोट बिघडलं, वजन घटलं, तर लगेच या."

"मंग मी पोळी खाऊ का?" धाकटीने थेट त्यांनाच विचारलं.

"खा. पोटभर खा."

परतताना बसस्टँडवर तिने समोसा मागितला. नवऱ्याने दोन घेतले. तिने आधी कडेची मैद्याची पारी कुरतडली, माझ्याकडे पाहिलं आणि मग मोठा घास घेतला. मी हसले. घरी पोचेपर्यंत गाडीत तिला दहादा विचारलं असेल, पोट दुखते का म्हणून.

"नाई वं, आई," शेवटी ती वैतागून म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून झोपली.