पडदे ओढलेल्या खोल्या

नवऱ्याने जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत एकोणीस वर्षं काढली. पासिर रिसमधल्या आमच्या घरापासून कंपनीच्या बसने दीड तास लागायचा. त्या वेळात तो लायब्ररीतली जाडजूड पुस्तकं मांडीवर घेऊन बसायचा. इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांत उभी असलेली जमीनदारांची प्रचंड घरं, त्यांचे जिने, त्यांची नक्षीदार छतं. आमच्या प्लांटमध्ये नुसती बघण्यासाठी केलेली एकही वस्तू नाही, असं तो म्हणायचा.

मग संध्याकाळी बसमधून उतरताना तो दोनदा पडला. डॉक्टरांनी सांगितलं, रेटिना हळूहळू निकामी होतोय. आधी अंधारातलं दिसणं जाईल, मग कडेकडेचं. पुढे किती राहील ते सांगता येत नाही. वर्षभरात प्लांटमधल्या डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला आणि घरी बसला.

एका रविवारी जेवताना त्याने विषय काढला, की ती घरं एकदा बघायची आहेत. मी बँकेतली सुट्टी, मुलीची परीक्षा असं काहीतरी मोजायला लागले. मुलगी तिच्या इथल्या ढंगात म्हणाली, "पपा, आत्ताच जा लाह. नंतर काय बघणार?" बोलली आणि तिलाच ते ऐकवेना. ताट तसंच ठेवून ती आत गेली. तिकिटं तिनेच काढली.

पहिलं घर पाहिलं ते मे महिन्यातल्या लख्ख सकाळी. दुतर्फा झाडांचा सरळ रस्ता, शेवटी मधाच्या रंगाचा दगडी दर्शनी भाग. बाहेर त्याला बरंच दिसत होतं. खिडक्या मोजत तो चालला होता. इतका खूश मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

पहिल्या खोलीच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि तो थांबला. आत सगळ्या खिडक्यांवर पडदे ओढलेले होते. जुनं रेशीम उन्हाने विरतं, म्हणून अशा घरांत उजेड बेताचाच ठेवतात. माझे डोळे मिनिटभरात सरावले. "थांब जरा, दिसेल," तो म्हणाला. आम्ही थांबलो. मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून पुढे जात होती. दिसलं नाही.

एवढ्या लांब येण्याआधी ही साधी गोष्ट मी विचारून घेतली नव्हती. समोर काय आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मोठा पलंग आहे, चार खांबांचा. रंग कोणता? हिरवा असावा. आणखी? आणखी काय सांगायचं ते मला सुचेना. आयुष्यभर आकडे तपासलेली बाई मी. तो माझा दंड धरून बाहेर आला आणि बाकावर बसला. पुढच्या तीन घरांची बुकिंग रद्द कर, परत जाऊ या, एवढंच म्हणाला.

त्या खोलीत लक्ष ठेवायला एक म्हाताऱ्या बाई खुर्चीवर बसल्या होत्या. दुसऱ्या कुणाला तरी जागेवर बसवून त्या आमच्यामागे बाहेर आल्या. काय झालं ते मी सांगितलं. पडदा उघडणं त्यांच्या हातात नव्हतं, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. पण गेली अकरा वर्षं दर गुरुवारी त्या त्याच खोलीत बसत होत्या. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मी सांगितलं तर चालेल?"

आम्ही तिघं पुन्हा आत गेलो. त्यांनी दारापासून सुरुवात केली आणि उजवीकडून भिंतीभिंतीने खोली सांगत गेल्या. भिंतीचं कापड कुठे फिकट झालंय, आरशावर कुठे डाग आहेत, कुणी बसू नये म्हणून खुर्चीच्या गादीवर वाळलेलं काटेरी बोंड ठेवलंय. घाई नव्हती. नवरा मान वळवत होता, जणू त्यांच्या शब्दांमागून बघत होता. शेवटी खोलीबाहेर येऊन त्यांनी त्याचा हात जिन्याच्या कठड्यावर ठेवला. याला सगळेच हात लावतात, म्हणाल्या. वरच्या मजल्यापर्यंत त्याने तो कठडा सोडला नाही.

बुकिंग रद्द केली नाहीत. पुढच्या दोन घरांत मी त्यांच्यासारखंच दारापासून सुरू केलं, मराठीत. पहिल्यांदा अडखळत, नंतर जमायला लागलं. चौथ्या घरात मात्र मी खोटं बोलले. तिथल्या एका दालनाची छायाचित्रं त्याने पुस्तकात कितीदा तरी पाहिली होती, म्हणे छतभर फुलांची नक्षी. प्रत्यक्षात लोकांना दाखवत होते ते दालन दुसरंच निघालं. छत साधं, सपाट होतं. त्याने विचारलं तेव्हा मी फुलं सांगितली, वेली सांगितल्या, कोपऱ्यातले पक्षीसुद्धा.

परतीच्या ट्रेनमध्ये मला राहवेना. मी कबूल केलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "त्या खोलीत एक खिडकी उघडी होती. छत पांढरं दिसलं मला."

मग बोलला का नाहीस, मी विचारलं.

"तू इतकं मनापासून सांगत होतीस." पुढे म्हणाला, "पण यापुढे जे असेल तेच सांग. मला आता तुझ्या सांगण्यावरच चालायचंय."

बाहेर शेतं जात होती. मी त्याचा हात धरला आणि स्टेशन येईपर्यंत रडत होते. त्याने मला गप्प केलं नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. आता त्याला फक्त उजेड कुठून येतो तेवढं कळतं. गेल्या महिन्यात इकडेच बुओना व्हिस्टाजवळचा एक काळा-पांढरा बंगला लोकांना बघायला खुला होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी बांधलेला. आम्ही गेलो. व्हरांड्यापासून मी सुरू केलं. खांबांचा काळा रंग सोलवटलाय, बांबूच्या पडद्यांवर, चिकांवर, बुरशी आहे, बैठकीची खोली आमच्या अख्ख्या फ्लॅटपेक्षा मोठी आहे.

मागच्या अंगाला नोकरांच्या खोल्यांची ओळ होती. किती आहेत, त्याने विचारलं. सहा. खिडक्या? एकेक, लहान. त्याला आत जायचं होतं. मी त्याला एका खोलीत नेलं. त्याने दोन्ही हात पसरले, आणि दोन्ही भिंतींना लागले. इथे कोण राहत होतं, असं त्याने माहिती सांगणाऱ्या तरुणीला विचारलं. इथे राहिलेल्या साहेबांची यादी आमच्याकडे आहे, नोकरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, ती म्हणाली.

तो तसाच हात पसरून बराच वेळ उभा राहिला. त्या खोलीत सांगण्यासारखं आणखी काही नव्हतं, आणि मी पदरचं काही जोडलं नाही.